डुकराच्या जागी हंस: हंगेरीच्या जेवणातील ज्यू मुळे

बुडापेस्टमधील किराणा दुकानात डबाबंद पदार्थांच्या फळीवर 'शोलेत' नावाचा डबा सहज सापडतो. आत राजम्यासारखा मोठा घेवडा, जव, लाल पाप्रिका (मिरचीवर्गातील फळाची भुकटी) आणि मांस असते, आणि हे मांस पुष्कळदा धुरी दिलेल्या डुकराचे असते. घेणारा ग्राहक त्याला साधे घरगुती हंगेरियन जेवण समजतो. शोलेत हा मुळात ज्यू लोकांचा शनिवारचा पदार्थ आहे, आणि ज्यू धर्मशास्त्राला डुकराचे मांस पूर्ण निषिद्ध आहे. ज्या पदार्थाचा जन्मच धर्माचे नियम काटेकोर पाळण्यातून झाला, तो त्याच नियमाला बाजूला सारून साऱ्या देशाचा कसा झाला, हे समजले तर हंगेरीच्या खाद्यसंस्कृतीतील ज्यू मुळे म्हणजे नेमके काय, तेही समजते. बुडापेस्टच्या जुन्या ज्यू वस्तीतून हिंडत, चवी घेत केल्या जाणाऱ्या खाद्यफेऱ्या आता लोकप्रिय झाल्या आहेत; परंतु ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर ती फेरी म्हणजे चार बशा आणि तीन सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळे) एवढीच उरते.

सुरुवात नियमापासून करावी लागते. ज्यू धर्माच्या अन्नविषयक नियमांना कश्रुत म्हणतात आणि त्यांत बसणाऱ्या अन्नाला कोशर. नियम पुष्कळ आहेत, परंतु हंगेरीच्या संदर्भात त्यांतील दोन निर्णायक ठरले. पहिला म्हणजे डुक्कर वर्ज्य. दुसरा म्हणजे मांस आणि दूध एकत्र शिजवायचे नाही आणि एका जेवणात एकत्र खायचेही नाही. त्यासाठी भांडीसुद्धा वेगळी ठेवायची. म्हणून कोशर स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थ तीन खणांपैकी एका खणात पडतो: मांसाचा, दुधाचा, किंवा दोन्हींबरोबर चालणारा तटस्थ. भाज्या, फळे, धान्य, अंडी आणि तेल हे तटस्थ खणात येतात.

आता हंगेरियन स्वयंपाकाचा पाया पाहा. गुलाश हे मांसाचे पातळ कालवण असो, पाप्रिका घातलेले कोंबडीचे कालवण असो किंवा भरलेला कोबी असो, भांड्यात प्रथम डुकराची चरबी वितळते, तीत भरपूर कांदा मंद आचेवर परतला जातो, मग भांडे विस्तवावरून क्षणभर बाजूला घेऊन पाप्रिकाची भुकटी टाकली जाते. बाजूला अशासाठी, की पाप्रिकातील साखर आचेवर लगेच करपते आणि कडवट होते. शेवटी कित्येक पदार्थांत आंबवलेली घट्ट साय मिसळली जाते. म्हणजे आरंभी डुक्कर आणि अखेरीस मांसात दूध! कश्रुतचे जे दोन नियम वर सांगितले, ते या स्वयंपाकाच्या नेमक्या दोन टोकांवर येऊन आदळतात. हंगेरीत राहणाऱ्या ज्यू गृहिणीपुढचा प्रश्न त्यामुळे अगदी व्यावहारिक होता: शेजारणीच्या हातचे जेवण आपल्या चुलीवर शिजवायचे, तर चरबी कोणती वापरायची?

भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या ज्यूंना ऑलिव्हचे तेल होते. मध्य युरोपच्या थंडीत ते मिळत नव्हते, आणि सूर्यफुलाचे तेल घरोघरी पोहोचायला बराच काळ जायचा होता. लोणी दुधाच्या खणातले, म्हणून मांसाच्या भांड्यात चालत नव्हते. गायीच्या शरीरातील चरबीचा मोठा भाग तोरा या ज्यू धर्मग्रंथाने निषिद्ध ठरवलेला. उरला तो पाळीव हंस, ज्याला इंग्रजीत गूस म्हणतात. हा पक्षी कोशर आहे, हंगेरीच्या सपाट गवताळ मुलखात चांगला पोसतो, आणि थंडीच्या तोंडाशी त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर चढतो. डुकराच्या जागी हंस बसला, आणि माझ्या मते हंगेरियन ज्यू स्वयंपाकाची सगळी कुलुपे या एका किल्लीने उघडतात.

शेतकऱ्याच्या घरी डुकराचे जे स्थान, ते ज्यू घरात हंसाचे झाले. चरबी कढवून मडक्यात भरली जाई. हनुक्काच्या सुमारास, म्हणजे हिवाळ्याच्या आरंभी, कढवलेल्या चरबीतून वसंतातील पेसाख सणासाठी वेगळा वाटा बाजूला ठेवण्याची रीत होती. कातडीचे तुकडे चरबीतच कुरकुरीत होईपर्यंत तळून पावाबरोबर खात. मानेची कातडी सोलून तीत पीठ, कांदा आणि चरबी यांचे सारण भरून शिवत आणि भाजत. पाय आणि छाती यांना धुरी देऊन टिकवत, काळीज आणि पंख सूपात किंवा भातात जात, आणि पिसे रजईत. उकडलेली अंडी कुस्करून त्यांत बारीक चिरलेला कांदा आणि हंसाची चरबी कालवली, की जो पदार्थ होतो त्याला हंगेरियन भाषेत 'झिदोतोयाश' म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ 'ज्यू अंडे'. शुक्रवारच्या रात्री किंवा शनिवारी सकाळी तो पावावर लावून खाल्ला जाई, आणि आज तो ज्यू नसलेल्या घरांतही तितक्याच सहजतेने होतो.

हंसाच्या यकृताची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. चरबी वाढवण्यासाठी हंसांना मक्याचे दाणे सक्तीने भरवले जात, आणि त्यातून यकृत आकाराने अनेक पटींनी वाढे. मध्य युरोपात हे कसब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्यांमध्ये ज्यू कुटुंबे पुढे होती. धर्मपंडितांत यावर दीर्घ वाद झाले, कारण भरवताना पक्ष्याच्या अन्ननलिकेला इजा झाली, तर तो कोशर राहतो का, हा प्रश्न गंभीर होता. आज हंगेरी हंसाच्या यकृताच्या उत्पादनात जगात अग्रेसर आहे आणि महागड्या उपाहारगृहांत ते राष्ट्रीय अभिमानाचा पदार्थ म्हणून वाढले जाते. पक्ष्याला होणाऱ्या यातनांमुळे युरोपातील अनेक देशांनी सक्तीने भरवण्यावर बंदी घातली आहे, आणि मला ती बंदी योग्य वाटते. परंतु या पदार्थामागे चैनीच्या आधी चरबीची निकड होती, हेही विसरता येत नाही.

दुसऱ्या टोकाचा, म्हणजे साईचा प्रश्न, ज्यू घरांनी साय गाळूनच सोडवला. पाप्रिका घातलेली कोंबडी तीच, कांदा तोच, फक्त रस्सा साईविना, गडद लाल आणि हंसाच्या चरबीने तकतकीत. मराठी वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल ज्यूंनी, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे 'शनिवार तेली' म्हटले जाई, हाच नियम पाळताना मांसाच्या रश्श्यात नारळाचे दूध वापरले. कारण नारळाचे दूध नावाने दूध असले, तरी तटस्थ खणातले आहे. त्यांच्या नवीन वर्षाचा चिकाचा हलवासुद्धा गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध यांचाच. अलिबागच्या किनाऱ्यावर नारळ होता, म्हणून तिथे नारळ आला. दान्यूबच्या खोऱ्यात हंस होता, म्हणून तिथे हंस आला. नियम एकच असूनही या दोन स्वयंपाकघरांचे वास एकमेकांशी जराही जुळत नाहीत.

आता शोलेतकडे वळू. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. या काळात काम करायचे नाही, आणि विस्तव पेटवणे हे काम मानले जाते. मात्र आधीपासून धगीवर असलेले अन्न तसेच राहू देण्यास हरकत नाही, आणि शब्बाथच्या दुपारी गरम जेवण असणे आनंदाचे लक्षण समजले जाते. या दोन्ही गोष्टी साधण्याचा मार्ग म्हणजे असा पदार्थ, जो शुक्रवारी संध्याकाळच्या आत भांड्यात पडेल, रात्रभर मंद धगीवर राहील आणि पंधरा-सोळा तासांनी बिघडण्याऐवजी सुधारलेला असेल. कडधान्य, जव आणि चिवट मांस यांना असा काळ मानवतो. मांसातील चिवट तंतू हळूहळू विरघळून रस दाट होतो, जव तो रस शोषून घेतात आणि घेवडा आकार न मोडता लोण्यासारखा मऊ होतो. भांड्यात सालासकट ठेवलेली अंडी सकाळपर्यंत आतून तपकिरी होतात आणि त्यांना भाजलेल्या दाण्याची चव येते. घरोघरी रात्रभर चूल धगधगत ठेवणे परवडत नसे, म्हणून कुटुंबे आपापली भांडी खुणा करून बेकरीच्या तापलेल्या भट्टीत नेऊन ठेवत आणि शनिवारी प्रार्थना आटोपल्यावर घरी आणत. घरी करून पाहणाऱ्यांनी एवढी काळजी घ्यावी, की भिजवलेला घेवडा किंवा राजमा आधी किमान दहा मिनिटे खळखळून उकळून घ्यावा, कारण कच्च्या दाण्यातील विषारी घटक केवळ मंद आचेवर नष्ट होत नाही.

शोलेत या शब्दातच स्थलांतराचा माग आहे. पोलंडकडील ज्यू या पदार्थाला 'चोलन्त' म्हणतात. 'शालेत' हे रूप जर्मन प्रदेशातील पश्चिमी यिडिश या ज्यूंच्या बोलीचे. हंगेरीत पश्चिमेकडून, म्हणजे ऑस्ट्रिया, बोहेमिया आणि मोराव्हिया या भागांतून आलेल्या ज्यूंनी ते आपल्याबरोबर आणले आणि हंगेरियन जिभेवर त्याचे शोलेत झाले. मला याहून विलक्षण वाटते ते त्यातील जिनसांचे. आजच्या शोलेतमधील घेवडा आणि पाप्रिका, दोन्ही अमेरिका खंडातील वनस्पती आहेत. कोलंबसाच्या 1492 च्या सफरीपूर्वी त्या युरोपात नव्हत्या, त्यामुळे त्यापूर्वीच्या भांड्यात जुन्या जगातील कडधान्ये असणार. मिरचीवर्गातील ही वनस्पती हंगेरीत ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत रुजली, तर आपल्याकडे पोर्तुगीजांनी मिरची आणली. ज्या पदार्थाला आपण परंपरागत म्हणतो, त्याची परंपरा पद्धतीत असते. जिन्नस मात्र बदलत राहतात.

हे ज्यू बुडापेस्टमध्ये आले कधी? बुडा आणि पेश्त ही तेव्हा वेगळी शहरे होती, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पेश्तमध्ये ज्यूंना स्थायिक होण्यास मज्जाव होता. सम्राट दुसरा जोसेफ याच्या 1783 च्या फर्मानानंतर दारे किलकिली झाली आणि शहराच्या तटाबाहेर, आजच्या किराय रस्त्याच्या आसपास, वस्ती वाढू लागली. 1867 मध्ये कायद्याने समान नागरी हक्क मिळाले. 1910 पर्यंत बुडापेस्टमधील ज्यूंची संख्या दोन लाखांच्या वर गेली होती, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ चौथा हिस्सा. सातव्या पेठेतील, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीतील, तीन सिनेगॉग या काळाची साक्ष देतात: 1859 मध्ये पूर्ण झालेले दोहानी रस्त्यावरचे, सुमारे तीन हजार आसनांचे आणि युरोपातील सर्वांत मोठे; वास्तुविशारद ओटो वाग्नर याने आराखडा केलेले 1872 चे रुंबाख रस्त्यावरचे; आणि 1913 चे काझिन्त्सी रस्त्यावरचे. ही तीन असण्याचे कारण असे, की 1868-69 च्या परिषदेनंतर हंगेरियन ज्यूंत फूट पडली. सुधारणावादी निओलॉग, कर्मठ ऑर्थोडॉक्स आणि दोहोंपासून अलग राहिलेले असे गट झाले. या फुटीचा परिणाम थेट ताटापर्यंत पोहोचला. ऑर्थोडॉक्स घरात कश्रुत तंतोतंत पाळले जाई. निओलॉग मध्यमवर्गात ते हळूहळू सैल होत गेले, पण शोलेत, बार्खेस हा शब्बाथचा वेणी घातलेला पाव आणि सूपात सोडलेले मात्सेसचे, म्हणजे पेसाखच्या बिनखमिराच्या पोळीच्या चुऱ्याचे, गोळे हे पदार्थ मात्र टिकले. नियम शिथिल झाल्यावरही पदार्थ राहिला, आणि त्यामुळेच तो ज्यू नसलेल्या शेजाऱ्याच्या ताटात सहज जाऊ शकला.

गोडाच्या पदार्थांत मान फ्लोदनीचा. नाव जर्मन 'फ्लाडेन', म्हणजे चपटी पोळी, यावरून आले. पिठाच्या पातळ पाऱ्यांमध्ये खसखस, अक्रोड आणि सफरचंद यांचे एकावर एक थर, आणि आता बहुधा त्यांत आलुबुखाराच्या घट्ट मुरंब्याचा चौथा थर असतो. इथली खसखस आपल्यासारखी पांढरी नसून निळसर काळी असते आणि दळून साखरेबरोबर वापरली जाते, त्यामुळे कापलेल्या तुकड्यात काळा, तपकिरी, फिकट पिवळा आणि जांभळा असे पट्टे स्वच्छ दिसतात. पुरीमच्या सणाशी जोडलेला हा पदार्थ जुन्या पद्धतीत हंसाची चरबी आणि पांढरी वाइन घालून मळलेल्या पिठाचा होत असे. कोशर मिठाईवाले आता तटस्थ स्निग्ध पदार्थ वापरतात, म्हणजे मांसाच्या जेवणानंतरही तो खाता येतो, आणि इतरत्र सरळ लोणी घातले जाते. दोब रस्त्यावरील फ्रोलिख हे 1953 पासूनचे कोशर मिठाईचे दुकान फ्लोदनीसाठी प्रसिद्ध आहे. साम्यवादी राजवट धर्माला अनुकूल नसताना एक कोशर मिठाईघर उघडावे आणि टिकावे, याचे मला फार मोल वाटते.

'ज्यू मुळे' या शब्दांचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो पहिल्या अर्थापासून वेगळा ठेवायला हवा. हंगेरीच्या काही सुप्रसिद्ध खाद्य उद्योगांचे संस्थापक ज्यू होते, परंतु त्यांच्या उत्पादनांचा कश्रुतशी संबंध नव्हता. सेगेद शहरात मार्क पिक यांनी 1869 मध्ये सुरू केलेला व्यवसाय आज हंगेरीच्या सर्वांत नामांकित सलामीचा आहे, आणि ती सलामी डुकराच्या मांसाची असते. चाळीसहून अधिक वनस्पतींपासून बनणारे, गोल काळ्या बाटलीतील उनिकुम हे कडू मद्य त्स्वाक या ज्यू वंशाच्या कुटुंबाचे. 1948 मध्ये साम्यवादी सरकारने कारखाना ताब्यात घेतला, तेव्हा कुटुंबाने खरी कृती दिली नाही आणि पुढील चार दशके देशात वेगळ्याच कृतीचे उनिकुम विकले गेले; राजवट कोसळताना कुटुंब परतले, तेव्हा मूळ चवही परतली. या गोष्टी स्वयंपाकाच्या इतिहासापेक्षा नागरिकत्वाच्या इतिहासात बसतात: समान हक्क मिळताच एका समाजाने देशाच्या उद्योगात किती वेगाने पाय रोवले, ते त्यांतून दिसते.

ते हक्क पुढे हिरावले गेले. मार्च 1944 मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले. 15 मे ते 9 जुलै या आठ आठवड्यांत, हंगेरियन प्रशासनाच्या सक्रिय मदतीने, सुमारे 4,37,000 ज्यूंना प्रामुख्याने आउश्विट्झला पाठवण्यात आले, आणि त्यांतील बहुतेकांना तेथे पोहोचताच मारण्यात आले. हे लोक जवळजवळ सगळे राजधानीबाहेरचे होते. हंस पाळणारी खेडी, बेकरीच्या भट्टीत शोलेतची भांडी पाठवणारी गावे, मुख्यतः त्यांचीच. बुडापेस्टमध्ये नोव्हेंबरच्या अखेरीस सातव्या पेठेतील काही रस्ते भिंती घालून बंद केले गेले आणि सुमारे 70,000 माणसे जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत सैन्य येईपर्यंत त्यांत कोंडली गेली. भूक, थंडी आणि गोळ्या यांनी मेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांना दोहानी सिनेगॉगच्या अंगणातच पुरावे लागले. आज खाद्यफेरी ज्या गल्ल्यांतून जाते, त्या याच गल्ल्या आहेत, आणि तिथे भुकेचा उल्लेख न करता चवींविषयी बोलणारा वाटाड्या मला अपुरा वाटतो.

युद्धानंतर वाचलेल्या कुटुंबांपैकी पुष्कळांनी ज्यू असल्याचे मुलांनाही सांगितले नाही. प्रार्थना थांबल्या, पण शनिवारचे शोलेत अनेक घरांत होत राहिले. क्लाउझाल चौकातील कादार ही जुनी खाणावळ त्या काळाची आठवण होती: टेबलावर सोड्याच्या बाटल्या, सामायिक बाके, शोलेतची बशी, आणि जाताना आपण पावाचे किती तुकडे खाल्ले तेसुद्धा गल्ल्यावर सांगून पैसे द्यायचे. करोनाच्या साथीच्या काळात ती बंद पडली. मधल्या दशकांत पडीक झालेल्या जुन्या इमारतींच्या अंगणांत 2000 नंतर मद्यालये उघडली आणि काझिन्त्सी रस्ता रात्री गजबजू लागला. ऑर्थोडॉक्स सिनेगॉग त्याच रस्त्यावर काही पावलांवर आहे.

इथे जाणाऱ्याने दोन पाट्यांतील फरक ओळखावा. 'कोशर' म्हणजे धार्मिक देखरेखीखालचे स्वयंपाकघर. 'ज्यू पद्धतीचे' म्हणजे केवळ चव, जिथे शोलेतशेजारी डुकराचे पदार्थही असू शकतात. ज्यू वस्तीतील अनेक नव्या उपाहारगृहांत हुम्मुस आणि शाकशुका मिळतात. ते रुचकर असले, तरी मध्यपूर्वेचे आणि उत्तर आफ्रिकेचे पदार्थ आहेत, आणि हंगेरियन ज्यू आजीच्या स्वयंपाकघरात ते नव्हते. कोशर दुकाने शुक्रवारी दुपारी बंद होऊन शनिवारी उघडत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी रविवार ते गुरुवार निवडावा, आणि ताज्या शोलेतसाठी शनिवारी दुपारी इतर ठिकाणी जावे. शाकाहारी व्यक्तीने फ्लोदनीत कोणती चरबी आहे ते विचारून घ्यावे; अंडे चालत असेल, तर खसखस-साखर घातलेल्या शेवया आणि आंबट चेरीचे थंडगार सूप हे बहुधा निर्धास्तपणे घेता येतात.

वेळ असेल, तर राजधानीबाहेर ईशान्येकडील तोकाय या वाइनच्या प्रदेशात जावे. माद गावातील 1795 चे सिनेगॉग तिथल्या ज्यू वाइन व्यापाऱ्यांच्या भरभराटीच्या काळातले आहे. कोशर वाइन द्राक्षे चेचण्यापासून शब्बाथ पाळणाऱ्या ज्यूंच्याच हातून व्हावी लागते, आणि पोलंडमधील ज्यूंना ती इथून जाई. जवळच्या बोद्रोगकेरेस्तूर गावात येशाया श्टाइनर हे हसिदी या ज्यू भक्तिपंथाचे गुरू राहत, ज्यांचे 1925 मध्ये निधन झाले. दारी येणाऱ्या कोणालाही जेवल्याशिवाय जाऊ न देण्यासाठी ते ओळखले जात. 1944 मध्ये गावातील ज्यू समाज नेला गेला. तरीही दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला न्यूयॉर्क, इस्राएल आणि इतर ठिकाणांहून हजारो यात्रेकरू त्या लहानशा गावात येतात, टेकडीवरील दफनभूमीत मेणबत्त्या लावतात, आणि खाली गुरूंच्या नावाने चालणाऱ्या पंक्तीत बसतात, जिथे येणाऱ्याला गरम जेवण वाढले जाते आणि त्याचे पैसे घेतले जात नाहीत.